सासवांचा पाऊस आणि बाबांची पिठी

आमच्या घरात एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. शब्द तसा साधाच. उघडीप.

मी लालबागची, मालवणी घरातली. लहानपणापासून हा शब्द मी ऐकला तो गावाहून आलेल्या फोनवर. ‘उघडीप मिळाली, भात कापून झालं.’ पाऊस थांबला, ऊन पडलं, आईचा जीव भांड्यात पडला, असा त्याचा अर्थ. मग लग्न होऊन मी डिलाईल रोडला आले. पहिल्याच जुलैत एकदा सासूबाई गावचा फोन ठेवून म्हणाल्या, "पावसानं उघडीप दिलीया." मी चपात्या लाटत होते. नव्या सुनेने दाखवावा तेवढा उत्साह दाखवत मी म्हणाले, "अरे वा! बरं झालं की."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बरं झालं? रान जळाया लागलंय, आन् ही म्हणती बरं झालं!"

नवरा हसत सुटला आणि मग त्याने समजावलं. त्यांचं गाव साताऱ्याच्या पुढे, दुष्काळी भागात. तिथे ढग येतात, डोक्यावरून जातात आणि पुढच्या कुणाच्या तरी गावाला पडतात. तिथे उघडीप म्हणजे आनंद नव्हे, घोर. मला हे माहीत असायला हवं होतं असं अजूनही वाटत नाही. आमच्या घरात पाऊस ही कमी पडण्याची वस्तूच नव्हती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्यांच्याकडे सुना तसंच म्हणतात. सासरे गिरणीत होते, ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आत्या आमच्याबरोबर चाळीत राहतात. समोर गिरणी होती तिथे आता काचेचा टॉवर आहे आणि त्याच्या काचांमध्ये आमची चाळ दिसते, जरा वाकडी. गिरणगावात आता गिरणी उरली आहे ती पिठाची. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे रामायण झालं त्यात त्या गिरणीचा हात आहे.

दुसरं पात्र म्हणजे माझे बाबा. तेही गिरणीतले, पुढे एका बँकेच्या दारावर वॉचमन होते. आई गेल्यापासून लालबागच्या खोलीत एकटेच असतात आणि स्वयंपाक आईपेक्षा बरा करतात, हे आई असतानाही सगळ्यांना माहीत होतं. गावच्या भातशेतीकडे त्यांचा चुलतभाऊ बघतो. रोज दुपारी जेवण झालं की बाबा छत्री घेऊन पुलावरून चालत आमच्याकडे येतात. छत्री बारा महिने. उन्हाळ्यात ती का, असं विचारलं तर म्हणतात, "पावसाचो काय भरवसो?"

मग दोघं गॅलरीत बसतात. मी परळच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळची पाळी संपवून घरी आले की मला त्यांचं भांडण जिन्यातूनच ऐकू येतं. विषय एकच. बाबा वर ढगांकडे बघून म्हणणार, "आता पुरे झाला. तरवो कुजतलो." तरवा म्हणजे भाताची रोपं. आत्या त्याच ढगांकडे बघून म्हणणार, "हितं कशाला गळतोय मुडदा? जा की तिकडं घाटावर!" आभाळ एकच, ते दोघांनाही आपलं वाटायचं आणि दोघांचंही ऐकायचं नाही. माझ्या मोबाइलमध्ये हवामानाच्या अ‍ॅपवर मी दोन्ही गावं घालून ठेवली आहेत. एकात कायम पाण्याचे थेंब, दुसऱ्यात कायम सूर्य. दोघंही आळीपाळीने माझ्या खांद्यावरून डोकावतात आणि दोघांनाही माझ्या मोबाइलचाच राग येतो.

खरं सांगायचं तर मला ती दुपार फार आवडते. चहा करून मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते आणि ऐकते. बाबा आत्यांना विहीणबाई म्हणतात, आत्या त्यांना इवाई म्हणतात. बाबांचं म्हणणं, घाटी माणसाला पाऊस कळत नाही, कारण त्याने तो पाहिलेलाच नसतो. आत्यांचं म्हणणं, कोकण्याला पावसाची किंमत नाही, फुकट मिळतो ना. माझ्या लग्नात या दोघांची पहिली ओळख झाली तीही अशाच वादातून. बाबा पंगतीत कुळथाच्या पिठीचं कौतुक करत होते आणि आत्या हुलग्याच्या माडग्याचं. बऱ्याच वेळाने कुणीतरी सांगितलं की कुळीथ आणि हुलगा एकच. दोघांनाही ते आवडलं नव्हतं.

आता त्या वर्षाची गोष्ट. त्या वर्षी पावसाने सगळ्यांनाच बनवलं. मे महिन्यातच तो असा कोसळला की हिंदमाताला गुडघाभर पाणी भरलं आणि आमच्या लॅबमध्ये लोक चपला हातात घेऊन रक्त द्यायला आले. तिकडे कोकणात भात पेरायला शेत कोरडं मिळेना. चुलतभावाने चिखलातच बी टाकलं, ते अर्धं कुजलं. बाबा रोज फोनवर ओरडायचे, जसं काही तोच ढग सोडत होता. आणि घाटावर आत्यांच्या गावीही मे महिन्यात पाऊस झाला, चांगला झाला. आत्यांचा धाकटा दीर गावची शेती करतो. त्याला वाटलं, औंदा देव पावला. त्याने जूनच्या सुरुवातीलाच बाजरी पेरून टाकली. बाजरी वीतभर वर आली आणि पाऊस जो गेला तो गेलाच. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी. तरणा पाऊस आला नाही, म्हातारा पाऊसही आला नाही. ही आत्यांच्या गावची पावसाची नावं, प्रत्येक नक्षत्राच्या पावसाला एक. जुलै संपता संपता दिराचा फोन आला की बाजरी मोडून जनावरांना घातली.

आत्यांनी तो फोन शांतपणे ऐकला. बाजरी दिराच्या रानातली होती. त्यांचा जीव अडकला होता तो दुसरीकडे. त्यांच्या वाटणीला डोंगराच्या उतारावरचा एक तुकडा आलेला आहे, मुरमाड, गुंठ्यांत मोजावा एवढा. तिथे हुलगा सोडून दुसरं काही येत नाही. नवी नवरी म्हणून आल्या त्या वर्षापासून त्यावर पेरणी त्यांच्या हातची. सासरे मुंबईत होते, पेरायला दुसरं होतं कोण? पुढे मुंबईला येऊन राहिल्या तरी दर वर्षी पेरणीला जायच्याच. सासऱ्यांना रजा नाही मिळाली तर त्यांच्याशी भांडून, मुलांना शेजारी ठेवून. बीही त्यांचंच, घरचं. आदल्या वर्षीच्या हुलग्यातलं निवडून, राखेत घोळून, पत्र्याच्या डब्यात घालून त्या मुंबईला आणत. गावच्या घरात उंदीर आहेत हे एक कारण, आणि दिरावर विश्वास नाही हे खरं कारण.

फोन ठेवायच्या आधी दीर म्हणाला होता, "वहिनी, औंदा तुमचा तुकडा ऱ्हाऊ दे पडीक. तेवढ्यासाठी कशाला येताय मुंबईस्नं?"

त्या दिवशी आत्या नीट जेवल्या नाहीत. रात्री भांडी लावताना माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "एकदा पडीक पडलं की पडीकच. तेवढ्यासाठी म्हणं! अगं, मी तेवढ्यासाठीच जाती गावाला. ते गेलं तर मला तिथं कोण वळखतंय?"

हुलग्याला एक बरं असतं, तो उशिरा पेरला तरी चालतो. ऑगस्टमध्येही. फक्त एकदा चांगली ओल हवी. "येईल पाऊस, आत्या," एवढंच मी म्हणाले. लॅबमध्ये पेशंटला ‘काही दुखणार नाही’ म्हणते तसंच.

ऑगस्टमध्ये मला ताप आला. आमच्याकडे पावसाळ्यात एकेक जण तापाने आडवा होतो, माझा नंबर लागला. राखी होती, म्हणून आत्या कल्याणला भावाकडे गेलेल्या. नवरा कामावर. बाबा नेहमीप्रमाणे दुपारी आले, मला पांघरुणात गुरफटलेली पाहिली आणि छत्री कोपऱ्यात ठेवून थेट स्वयंपाकघरात शिरले. मला अर्धवट झोपेत भांड्यांचे आवाज येत होते, काहीतरी खमंग भाजल्याचा वास येत होता. बाबा घरात आहेत, आता काही काळजी नाही, असं वाटून मी गाढ झोपले. ती झोप नडली.

संध्याकाळी उठले तेव्हा पिठी तयार होती. लसणीची फोडणी, दोन कोकमाची सोलं, वर कोथिंबीर, आणि गरम भात. ताप आलेल्या माणसाला याहून चांगलं औषध मालवणी माणूस मानत नाही. मी दोन वाट्या प्याले. एवढ्यात आत्या कल्याणहून आल्या, भिजलेल्या, थकलेल्या. बाबांनी त्यांनाही वाढलं. आत्या एरवी पिठीला ‘तुमचं ते पातळ’ म्हणतात. त्या दिवशी मात्र भुरका मारून म्हणाल्या, "इवाई, आज ब्येस जमलंय हं." आणि आणखी मागून घेतली. बाबा इतके खूश झाले की जाताना शेजारच्या खोलीत, त्याच्या पलीकडच्या खोलीत, जिन्याजवळच्या खोलीत पिठीच्या पिठाच्या पुड्या वाटत गेले. उरलेलं लालबागला नेलं, तिथल्या शेजाऱ्यांसाठी. आमच्याकडे डबाभर ठेवलं.

आठवड्याभरात मघा नक्षत्र लागलं. मघातल्या पावसाला आत्यांच्या गावी सासवांचा पाऊस म्हणतात आणि त्यानंतर पूर्वा नक्षत्रात येतो तो सुनांचा. का, ते कुणी धड सांगत नाही. आत्यांचं स्पष्टीकरण असं, की सासू आधी बरसून घेते, मग सुनेची पाळी. तर त्या वर्षी तरणा आला नाही, म्हातारा आला नाही, पण सासवांचा आला. दुपारी गॅलरीत आम्ही तिघं बसलेलो असताना दिराचा फोन आला. आवाज इतका मोठा की बाबांनाही ऐकू गेला.

"वहिनी, चांगला दणकून झालाय! वढ्या-वगळीला पाणी आलं. पेरायचं असलं तर बी घिऊन लगेच या. उतारावरची ओल काय टिकायची न्हाय."

आत्या उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात. ओट्याखाली वाकल्या. डबा सरकवल्याचा आवाज आला, मग झाकण उघडल्याचा. आणि मग काहीच आवाज आला नाही.

मी आत गेले. डबा स्वच्छ घासलेला, पुसलेला, रिकामा होता.

"ह्यातलं बी?" आत्यांनी विचारलं. "राखंतलं हुलगं व्हतं ह्यात."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. "ते... ते कुळीथ नाय?" ते म्हणाले. "मी पाडव्याक दिलेले कुळीथ. माका वाटला, बाय विसारली. भुंगो लागतलो म्हणून मी धुतले, भाजले नि दळून हाडले."

बाय म्हणजे मी; बाबांनी मला दिलेले कुळीथ वरच्या फळीवर बरणीत होते. त्यांना ते दिसले नाहीत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. खालच्या डब्यात राखेतले दाणे दिसले. कोकणातही कुळीथ राखेत ठेवतात, त्यामुळे संशय यायचं काही कारणच नव्हतं. साखरेचा डबा उघडून मीठ घातल्यासारखी ही चूक नव्हे. ही चूक करायला माणूस मालवणीच लागतो आणि डबा घाटी बाईचाच लागतो.

आत्या डब्यात बघत होत्या. मग म्हणाल्या, "सगळं?"

"गिरणवालो थोडा दळून देणा नाय," बाबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणजे आत्यांचं बी आम्ही खाल्लं होतं. आमच्या मजल्याने खाल्लं होतं, लालबागच्या एका मजल्याने खाल्लं होतं आणि आत्यांनी स्वतः दुसऱ्यांदा मागून घेऊन खाल्लं होतं. मला एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे, देवाशपथ, हसू येत होतं. दोन्ही दाबून मी उभी राहिले. आत्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी डबा ओट्याखाली परत ठेवला, तोंड बारीक करून गॅलरीत जाऊन बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "जाऊ द्या इवाई. दीर म्हणतो तसं ऱ्हाऊ दे पडीक."

बाबा छत्री विसरून घरी गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

नवऱ्याने सुचवलं की तालुक्याच्या दुकानातून बी घ्या. आत्या नुसत्या हसल्या. दुकानातलं बी उगवत नाही असं नव्हे. पण ते घ्यायला दीर जाणार, तो आणणार, तो पेरून टाकणार, मग आत्यांनी जायचं कशाला, हा प्रश्न तिथेच उभा राहत होता. मी वरच्या फळीवरची बरणी काढली. त्यातल्या कुळथांना खरंच भुंगा लागला होता. म्हणजे बाबांची काळजी योग्य होती, फक्त डबा चुकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले नाहीत. संध्याकाळी मीच लालबागला गेले, तर खोलीत दोन ताटल्यांत ओल्या फडक्यांवर कुळथाचे दाणे मांडलेले. मसाल्याच्या गल्लीतल्या दुकानातून वेगवेगळे आणले होते, कशाला मोड येतात ते बघायला. "हे जुने," बाबा म्हणाले, "ह्यांचो भरवसो नाय. मी गावाक फोन केलंय. गावच्या वहिनीकडे बियाण्याचे आसत. रात्रीच्या बशीर घालूक सांगितलंय." कोकणातून मुंबईला काहीही यायचं तर ते रात्रीच्या बसने येतं. फणस, तांदूळ, औषधी मुळ्या, कधी कधी जिवंत कोंबडा. त्या रात्री आत्यांचं रान निघालं.

बस सकाळी परळला लागते. त्या दिवशी ती लागेना. कोकणात पाऊस कोसळत होता आणि महामार्गावर कुठेतरी पाणी आलं होतं. बाबा उजाडल्यापासून रस्त्यावर उभे. मी कामाच्या मध्ये दोनदा जाऊन त्यांना बघून आले. छत्री नव्हती, ती आमच्याकडेच राहिली होती, दुकानाच्या पत्र्याखाली उभे होते. तिकडे उतारावरची ओल ऊन लागून उडत असणार आणि इकडे ती ओल उडायच्या आत पोचायला हवं असलेलं बी पाण्यात अडकलेलं. पावसाचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता. जिथे नको तिथे एवढा, आणि जिथे हवा तिथे मोजून मापून!

दुपार कलल्यावर बस आली. बाबा चिंब अवस्थेत आमच्या दारात उभे राहिले आणि शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढून आत्यांपुढे ठेवली. आत्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, उजेडाकडे नेले, एक दाताखाली चावून पाहिला.

"तांबडा हाय. माझा काळा व्हता," त्या म्हणाल्या. "इवाई, हे तुमच्या पावसातलं बी. कायम पाण्यात लोळलेलं. आमच्याकडं तहानंनं मरंल."

"नाय विहीणबाई," बाबा म्हणाले. "कुळीथ पावसात नाय होणा. भात कापला काय आमी पेरतंव. पावस तेव्हा गेल्लो आसता. मगे एक थेंब नाय. नुसत्या ओलीर वाढता तो."

आत्यांनी पुन्हा तळहातावरच्या दाण्यांकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं आणि खरं तर मलाही नव्हतं. कोकणातही असं काही आहे की ज्याला पाऊस बघायला मिळत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी दाणे पुन्हा पिशवीत टाकले आणि मला म्हणाल्या, "माझी पिशवी भर. आन् इवायांना टॉवेल दे आधी, पडशानं मरत्याल."

गेलो आम्ही तिघं. नवऱ्याला रजा नव्हती, मला मिळाली. बाबांना कुणी चला म्हटलं नव्हतं, पण एसटीत आमच्या आधी तेच जाऊन बसले होते, छत्रीसकट. घाटात पाऊस, साताऱ्यात भुरभुर, आणि पुढचा घाट चढल्यावर लख्ख ऊन. बाबा खिडकीतून बघत होते. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर पिवळा डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला कोपर मारून हळूच म्हणाले, "बाय, हय माणसा रवतत कशी गो?" आत्यांनी ते ऐकलं. एरवी त्यांनी त्यावर चांगलं सुनावलं असतं.

दिराने शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली होती, उतारावर ट्रॅक्टर चढत नाही. जमिनीला वरून पापुद्रा आला होता, पण आत बोट घातलं की गारवा लागत होता. दोन दिवस उशीर झाला असता तर तो गेला असता. आत्यांनी पदर खोचला आणि पेरणीच्या अवजाराच्या, पाभरीच्या मागे उभ्या राहिल्या. पाभरीवर एक लाकडी वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. पेरणाराने त्यावर मूठ धरून दाणे सोडत मागोमाग चालायचं. मूठ ढिली झाली तर बी एका जागी सांडतं, घट्ट झाली तर पुढे रिकामं जातं. आत्यांचा हात आता थरथरतो. चहाचा कप घेतात तेव्हा बशीत सांडतो. चाड्यावर मात्र तो हात स्थिर झाला. का ते मला कळलं नाही आणि मी लॅबवाली असूनही त्याचं कारण शोधायला गेले नाही.

ऊन कडक होतं. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर बाबांना राहवेना. ते छत्री उघडून आत्यांच्या शेजारून चालू लागले, त्यांच्या डोक्यावर धरून. पुढे बैल, मागे पाभर, चाड्यावर मूठ धरलेली घाटी विहीण आणि तिच्यावर छत्री धरलेला मालवणी व्याही. बांधावरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकीने ओरडून विचारलं, "कोण गं ह्ये?" आत्या चाड्यावरून नजर न हलवता ओरडल्या, "माझं बी खाल्लं त्ये!"

बाबांनी छत्री जरासुद्धा हलू दिली नाही. त्या क्षणी मला हे दोघंही इतके आवडले, की माझ्या वाट्याला असे दोघं आले याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते कळेना.

आम्ही परत आलो आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं. बी पडलं होतं, उगवायला ओल पुरेशी होती, पण उगवल्यावर तगायला आणखी एक सर हवी होती. मघा संपली, पूर्वा लागली. आत्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आता तुझी पाळी. बघू तुझा पाऊस येतोय का, का तूबी कामाला उशिरा जातीस तशी." मोबाइलवर त्यांच्या गावापुढे सूर्य आणि बाबांच्या गावापुढे थेंब. तिकडे कोकणात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. जे भात कुजण्यातून वाचलं होतं ते फुलोऱ्यावर आलं होतं. फुलोऱ्यात सतत पाऊस लागला की फूल झडतं आणि लोंबी पोकळ राहते. चुलतभाऊ फोनवर सांगायचा तेव्हा बाबा आता ओरडत नसत. नुसतं ‘बरा’ म्हणत.

एके दुपारी मी घरी आले तर जिन्यात भांडण ऐकू आलं नाही. वर गेले. बाबा गॅलरीत खुर्चीवर, समोर संततधार. आत्या आत फोनवर बोलत होत्या. "व्हय... व्हय... किती आलाय? सगळ्या तासांत?" तास म्हणजे पेरणीची ओळ. मग बाहेर आल्या. डोळे पुसत होत्या, आणि आत्यांचे डोळे ओले झालेले मी सासरे गेले तेव्हाच पाहिले होते.

"झाला पाऊस," त्या म्हणाल्या. "रातभर झाला. हुलगा उगवलाय. दीर म्हणतोय, तास मोजून घ्यावं असा उगवलाय."

मी ओरडलेच. बाबा उभे राहिले, आत्यांना हात जोडले आणि तसेच राहिले. मला वाटलं, आता आत्या आपल्या रानाबद्दल बोलत राहतील, तो त्यांचा हक्कच होता. पण त्या बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. समोरच्या पावसाकडे बघत म्हणाल्या,

"इवाई, तुमच्याकडं उघडीप झाली का?"

मी दारातच थांबले. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी शिवीसारखाच ऐकला होता. त्या दिवशी तो त्यांनी आमच्या अर्थाने उच्चारला.

बाबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "नाय अजून. पण तुमच्याकडे मातर होव नये, विहीणबाई."

आत्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "त्ये पीठ हाय न्हवं अजून? ठिवलंय ना?"

ठेवलं होतं. ज्या डब्याला इतके दिवस आमच्यापैकी कुणी हात लावायला धजावलं नव्हतं, तो मी फळीवरून काढला. आत्यांच्या काळ्या हुलग्याचं, जगातलं शेवटचं पीठ होतं ते. मी तो बाबांच्या हातात दिला.

"आज पिठी करा," आत्या म्हणाल्या. "आन् सोलं जरा कमी घाला. मागल्या टायमाला आंबट झाली व्हती."

"तेव्हा तर आनिक मागून घेतलास," बाबा म्हणाले आणि लसूण सोलायला बसले.